व्हिएन्नातला चैत्र

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात एप्रिल आला की सगळ्यात आधी गाड्या पिवळ्या होतात. पाइनच्या झाडांचे परागकण रात्रीतून असे सांडतात की सकाळी काचेवर बोटाने नाव लिहावं. ऑफिसात निम्मी माणसं शिंकत असतात, उरलेली गोळी घेऊन पेंगत असतात. यंदा बाबा इथे आहेत. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच आलेत, नागपूरहून, सहा महिन्यांसाठी. त्यांना हा प्रकार नवा. रोज सकाळी ओलं फडकं घेऊन माझी गाडी पुसतात आणि रोज तेच विचारतात, "हे हळद कोण सांडून राहिलं बापा इथं?"

मी हसते. पण हळद म्हटलं की मला नागपूर आठवत नाही, आईसुद्धा आठवत नाही. मला व्हिएन्ना आठवतं. तिथल्या हॉस्टेलचं चौथ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर आठवतं, आणि मग तो दिवस खराब जातो. दर एप्रिलला हे होतं. नऊ वर्षं झाली.

आपल्या लोकांना परदेशातल्या विद्यार्थीदशेबद्दल बोलायला फार आवडतं. मंडळाच्या पिकनिकला एकाने सुरुवात केली की सगळे सुटतात. कोणी ब्रेडवर दिवस काढले, कोणी स्टेशनवर झोपून युरोप पाहिला, कोणी म्युझियमच्या बाहेरून फोटो काढून आत जाऊन आल्याचं घरी सांगितलं. "ते दिवसच वेगळे होते यार," असं म्हणून पुढची बर्गरपॅटी उलटतात. मी कागदी प्लेट हातात धरून ऐकते. माझ्याकडेही सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पण सांगायला लागले की मी कोणत्या वाक्यावर अडकेन हे मला ठाऊक आहे, म्हणून मी कोशिंबीर कोणी केली ते विचारते.

व्हिएन्ना गरीब विद्यार्थ्याला हाकलत नाही, हे मात्र खरं. एवढं श्रीमंत, एवढं आढ्यताखोर शहर, पण त्याने आपल्या कडेकडेने आमच्यासारख्यांसाठी जागा सोडलेली असते. चौकातल्या नळाला डोंगरातलं पाणी येतं, थंडगार आणि फुकट. महिन्याच्या पहिल्या रविवारी काही म्युझियमं तिकीट मागत नाहीत. राजवाड्यात जायला पैसे पडतात, राजवाड्याची बाग मोकळी. बंद व्हायच्या वेळी बेकरीत गेलं की सकाळचा पाव निम्म्यात मिळतो आणि बाजार उठताना भाजीवाला तुर्की काका उरलेल्या मिरच्यांची पिशवीच हातात कोंबतो. ट्रामला फाटक नाही, कंडक्टर नाही. चढायचं, बसायचं. कोणी काही विचारत नाही. फक्त कधीतरी साध्या कपड्यातला एखादा माणूस अचानक उठून उभा राहतो आणि तिकीट मागतो.

माझ्याकडे सेमिस्टरचा पास होता. तरी तो माणूस उठला की माझा हात पिशवीतल्या पासवर जायचा.

मृणाल मला पहिल्याच आठवड्यात भेटली. ती पुण्याची, आर्किटेक्चर शिकायला आलेली. मी नागपूरची, संख्याशास्त्राला. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात मी फोडणी दिली आणि जिऱ्याच्या वासावर ती दोन खोल्या ओलांडून आली. "कोण आहे गं आपलं?" असं ओरडतच आली. पाच मिनिटांत माझी पोळी तिच्या ताटात आणि तिचं लोणचं माझ्या ताटात होतं. नाव विचारून झालं.

"प्रज्ञा? किती छान. संस्कृत नाव. आणि आडनाव?"

"शेंडे."

"अय्या, शेंडे! सदाशिव पेठेत आमचे एक शेंडे आहेत, बाबांचे मित्र. त्यांच्यातले का तुम्ही?"

"नाही, आम्ही नागपूरचे."

"अच्छा, तिकडे गेलेले. बरीच घराणी गेली तिकडे." आणि मग माझ्या पोळीचा घास मोडत ती समाधानाने म्हणाली, "बरं झालं बाई. आपल्यातलं कोणी भेटेल असं वाटलं नव्हतं."

प्रश्न तिचा, उत्तरही तिचंच. मी फक्त गॅस बारीक केला. माझ्या नावात आणि आडनावात असं काहीच नाही की जे कुठे अडेल. दोन्ही कुठेही खपतात. प्रज्ञा हे नाव बाबांनी ठेवलं ते विहारात, धम्मपरिषदेहून परत आल्यावर, मोठ्या अभिमानाने. ते मी तिला सांगू शकले असते. एका वाक्याचं काम होतं. पण त्या वेळी बाहेर बर्फ पडत होता, मला तिथे येऊन सहा दिवस झाले होते, आणि सहा दिवसांत माझ्याशी मराठी बोललेलं ते पहिलं माणूस होतं. उद्या सांगू, असं म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते जास्त अवघड झालं आणि महिन्याभराने अशक्य.

एकदा खोटं बोललं की झालं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं, ते रोज पोसावं लागतं. मी 'काय करून राहिली'चं 'काय करतीयेस' केलं. बाबा सरकारी स्कॉलरशिपचा फॉर्म घेऊन सामाजिक न्याय विभागाच्या पायऱ्या किती वेळा चढले होते ते मी कुणाला सांगितलं नाही. बाबांनी फंडातून पैसे काढले, असं सांगितलं. आमच्या विद्यापीठात लातूरची एक सीनियर होती, त्याच स्कॉलरशिपवर आलेली, आणि ती ते लपवत नव्हती. मृणाल एकदा म्हणाली, "मज्जा आहे बाई यांची, सगळं सरकार भरतं." मी हसले. नुसती हसलेच नाही, त्यानंतर मी त्या मुलीशी कॅन्टीनमध्ये बोलायचंही टाळलं. तिला कळलं असणार. आपल्या माणसाला आपली पाठ बरोबर ओळखू येते.

आणि तरीही, हे लिहिताना हात अडतो, तरीही तो वसंत सुंदर होता. मार्चअखेर बर्फ वितळला आणि आम्ही दोघी शहरावर तुटून पडलो. मृणालला इमारती वाचता यायच्या. एखाद्या दारासमोर ती मला अर्धा तास उभी करायची. "वर बघ, वर. खिडकीच्या वरचा तो बाईचा चेहरा. प्रत्येक खिडकीला वेगळा आहे, बघ ना." आम्ही मोठ्या कबरस्तानात दिवसभर फिरलो, कारण त्याला तिकीट नव्हतं, आणि तिथल्या बाकावर बसून दहीभात खाल्ला. नदीच्या बेटावर लायलॅकच्या झुडपाखाली झोपलो. पायाला फोड आले की ती आपल्या पिशवीतून पट्टी काढून माझ्या टाचेला लावायची, खाली बसून, माझा पाय मांडीवर घेऊन. तिने माझा पाय मांडीवर घेतला की मला वाटायचं, आत्ता सांगावं.

एका गल्लीत फूटपाथमध्ये पितळी पाट्या बसवलेल्या होत्या. त्या घरांतून ज्या ज्यूंना एके काळी नाझींनी उचलून नेलं त्यांची नावं, जन्मसाल, आणि कुठे मारलं ते. मृणालने वाकून एकेक नाव वाचलं. एक मुलगी आमच्याच वयाची होती. मृणालच्या डोळ्यांत पाणी आलं. "विचार कर ना प्रज्ञा," ती म्हणाली, "नुसत्या नावावरून. ही कोण आहे, कशी आहे, काही बघायचं नाही. नुसत्या नावावरून माणसाला वेगळं काढायचं." तिने माझा हात घट्ट धरला होता. ती खरोखर रडत होती, त्यात ढोंग नव्हतं. मला आजही तिचा राग येतो तो याच क्षणासाठी, आणि प्रेमही वाटतं ते याच क्षणासाठी.

चैत्रात तिने हॉस्टेलमध्ये हळदीकुंकू केलं. कैरी कुठून मिळणार? तिने आंबट हिरवी सफरचंदं किसली, वर लिंबू पिळलं आणि वाटलेल्या हरभऱ्याच्या डाळीत कालवलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर देवीचा एवढासा फोटो, भोवती बागेतून खुडून आणलेली फुलं. एक पोलिश आणि एक इराणी मुलगी, दोघींना कुंकू लावून तिने डाळ दिली. मग माझ्यापुढे आली. "तुमच्याकडे चैत्रगौर बसते ना गं?" मी म्हटलं, बसते. तिने माझ्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. आमच्या घरात आजोबांनी ज्या वर्षी दीक्षा घेतली त्याच वर्षी देव नदीत सोडले होते. ही गोष्ट आजोबा इतक्यांदा सांगायचे की आम्हा मुलांना ती पाठ होती. मी डाळ खाल्ली. चांगली झाली होती, हेही सांगायला हवं.

त्यानंतर चारपाच दिवसांनी चौदा एप्रिल होता.

ऑपेराला उभ्याने बघण्याची तिकिटं असतात, तीनचार युरोत. पण त्यासाठी दुपारपासून इमारतीच्या बाजूच्या दाराशी रांगेत बसायचं. तिकीट मिळालं की पळत वर जायचं आणि कठड्याला आपला स्कार्फ बांधायचा. स्कार्फ बांधला की ती जागा तुमची. मग तुम्ही बाहेर जा, खाऊन या, कोणीही तो स्कार्फ सोडत नाही. तुम्ही कोण, कुठले, कोणाचे, कोणी विचारत नाही. आमच्याकडे बसच्या सीटवर रुमाल टाकतात तसंच, पण इथे त्यावरून भांडण होत नाही. मला ती पद्धत फार आवडायची.

आम्ही रांगेत फरशीवर बसलो होतो. डब्यात पोहे होते. तेवढ्यात माझा फोन वाजला, व्हिडिओ कॉल. मी नेहमीच्या सवयीने उचलला आणि पडद्यावर बाबा आले. पांढरा शर्ट, डोक्याला निळा फेटा, मागे ढोल, निळे झेंडे, गर्दी. नागपुरात संध्याकाळ झाली होती आणि मिरवणूक निघाली होती. बाबांचा चेहरा घामाने आणि आनंदाने चमकत होता. ते ओरडून बोलत होते, ढोलावर आवाज चढवून. "बेटा! पाह्य, पाह्य किती लोकं आहे! तिथं आपले कोणी आहे का? मेणबत्ती तरी लाव माय!"

मी फोन छातीशी उलटा दाबला.

"कोण गं?" मृणालने विचारलं. तिचा चमचा हवेत होता.

"कोणी नाही गं. आमच्या कॉलनीतले एक काका. उगाच कुणालाही व्हिडिओ कॉल लावत बसतात."

"असतात असे काका," ती म्हणाली आणि पोह्यांकडे वळली.

मी कॉल कट केला होता, अशी माझी खात्री होती. फोन सुलटा केला तेव्हा कॉल चालूच होता. पडद्यावर बाबा नव्हते, नुसतं आकाश होतं आणि झेंड्याचं एक टोक; त्यांनी हात खाली सोडला असावा. ढोल वाजत होते. मग तिकडून कॉल बंद झाला.

ढोल एवढे जोरात होते की ऐकू गेलं नसेल. मी तेव्हापासून हे स्वतःला सांगत आले आहे. त्या रात्री त्यांचा मेसेज आला, 'क्लासमध्ये होती वाटते. जेवून घे.' मी लिहिलं, 'हो बाबा, क्लास होता.' आणि संपलं. ते पुढे कधी बोलले नाहीत, मी कधी विचारलं नाही. आई आजारी होती तेव्हा मी नागपूरला महिनाभर राहिले, बाबा आणि मी रात्ररात्र दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलो, सगळ्या जगाबद्दल बोललो. हे नाही बोललो. त्यांनी ऐकलं की नाही, एवढा एकच प्रश्न मला आयुष्यात कोणाला तरी विचारायचा आहे आणि तो विचारायची छाती होत नाही.

त्या दिवशीचा ऑपेरा कोणता होता ते मला आठवत नाही. चार तास उभी होते.

यानंतर मी सुधारले, असं कुणाला वाटेल. मलाही वाटायचं. पीएचडीला अमेरिकेत आले, नोकरी लागली, कॅरीत फ्लॅट घेतला. इथे कोणी कोणाला विचारत नाही म्हणतात, पण विचारतात. ग्रोसरी स्टोअरमध्ये भेटलेल्या काकू गवार निवडता निवडता विचारतात, "शेंडे का? म्हणजे कोणते गं शेंडे?" आता मी सरळ सांगते. काकू "हो का, छान छान" म्हणतात आणि गवारीकडे जास्त लक्ष देऊन बघू लागतात. मला त्याचं काही वाटत नाही. माझ्या हॉलमध्ये निळ्या कोटातली, चष्म्यातली ती तसबीर आहे, बाबांनी आणलेली. गेल्या वर्षी इथल्या पार्कात आमच्या लोकांचा जयंतीचा कार्यक्रम झाला, त्यात मी दहा मिनिटं बोलले. विषय होता स्वाभिमान. टाळ्या पडल्या. बाबांना व्हिडिओ पाठवला तर त्यांनी तो कॉलनीतल्या प्रत्येकाला दाखवला.

सगळ्या जगाला सांगितलं, फक्त मृणालला नाही. ती आता टेक्सासमध्ये अर्विंगला असते. आम्ही वाढदिवसाला फोन करतो, जुने फोटो पाठवतो. तिला सांगायचं म्हणजे फक्त मी कोण आहे ते सांगायचं नाही. तो अख्खा वसंत परत करायचा, त्या टाचेच्या पट्टीसकट. ते जमत नाही.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. "अगं, ऑफिसच्या कामाने तुमच्या शेजारच्या रॅलेला येतेय. शनिवार मोकळा ठेवलाय, तुझ्याकडेच येते. काका आलेत ना? त्यांनाही भेटते." मी म्हटलं, ये ना, नक्की ये. शुक्रवारी संध्याकाळी घर आवरलं. कैरी मिळाली होती, डाळ भिजत घातली. मग हॉलमधली तसबीर काढली. काच पुसायची होती. पुसली, आणि ती आतल्या कपाटात, रजयांच्या मागे ठेवली. वळले तर बाबा दारात उभे होते, हातात पाण्याचा ग्लास.

त्यांनी पाणी पिऊन ग्लास विसळून ठेवला. जेवताना म्हणाले, "उद्या मले सकाळी लायब्ररीत सोडून देशील का? तिथं मराठी पुस्तकं आहे म्हणते."

"उद्या? उद्या मृणाल येणार आहे ना बाबा."

"ते तुमचं चालन ना. मी काय करू मंधात." विहारातली छोटी लायब्ररी ते वीस वर्षं सांभाळत आलेत, पुस्तकांचं वेड त्यांना आहेच. तरी मला नाही म्हणता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं: बाबा, थांबा, तुम्हाला भेटवायचंय तिला. खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. मी त्यांना भाजीपोळीचा डबा भरून दिला.

मृणाल आली ती तशीच, दोन खोल्यांवरून ओरडत आल्यासारखी. मिठी मारली, डाळ खाल्ली, "ही माझी डाळ आहे, हं!" म्हणाली. बाबांसाठी तिने बाकरवडी आणली होती. "गेले कुठे काका? मी मुद्दाम त्यांच्यासाठी आणलीय."

"मित्राकडे गेलेत," मी म्हटलं.

तिने हॉलमध्ये फिरून भिंती पाहिल्या, जिथे खिळा मोकळा होता तिथेही पाहिलं, आणि घराला उजेड छान आहे म्हणाली. आम्ही व्हिएन्नाबद्दल बोलत राहिलो. पाच वाजता निघणार होती ती सव्वासहाला निघाली. दारात तिने पुन्हा मिठी मारली. "तुझ्यासारखी मैत्रीण मला परत मिळाली नाही," ती म्हणाली, आणि मला माहीत होतं की ती खरं बोलते आहे.

लायब्ररीचं पार्किंग रिकामं होतं. दिवे मालवलेले. बाबा बाहेरच्या बाकावर बसले होते, पिशवी मांडीवर, ताठ, डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघावी तसे. मला बघून उठले, गाडीत बसले, पट्टा लावायला त्यांना नेहमीसारखा वेळ लागला.

"कधी बंद झाली बाबा?"

"पाचले."

"दीड तास बाहेर बसलात? फोन करायचा ना! फोन आहे ना जवळ?"

"आहे ना." त्यांनी खिसा चाचपून दाखवला. मग समोर बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "करणार होतो. मंग म्हटलं, मैत्रीण बाजूले असन. तुले पुन्हा काहीतरी सांगा लागन."